लंडनमध्ये पडून राहिलेली फी

गुरुसिद्धप्पांना बँकेत सगळे ‘फॉरेनवाले अप्पा’ म्हणत. हे नाव त्यांनी मागून घेतलेलं नव्हतं, पण कुणी तसं म्हटलं की ते नाकारतही नसत. चष्मा जरा वर सारून समोरच्याला खुर्ची दाखवत.

माणूस मूळचा मैंदर्गीचा. घरात कानडी, शाळेत मराठी, आणि इंग्रजी वर्तमानपत्रं वाचून वाचून स्वतः कमावलेलं. मॅट्रिक झाल्यावर सोलापुरात नवी पेठेतल्या बँकेत चिकटले, बाळीवेशीत दोन खोल्या घेतल्या, दाक्षायणीशी लग्न झालं. तेरा वर्षं काउंटरवर काढली. अक्षर सुरेख, बेरीज बिनचूक, कुणाशी वाकडं नाही. एवढ्यावर नोकरी निवांत पार पडली असती.

चौऱ्याहत्तर साली हेड ऑफिसचा हुकूम आला की परदेशी पैसे पाठवण्याचं काम शिकायला प्रत्येक मोठ्या शाखेतून एक माणूस चार दिवस मुंबईला पाठवावा. ज्यांनी जायचं त्या हेड क्लार्कच्या मुलीचं लग्न त्याच आठवड्यात निघालं, म्हणून गुरुसिद्धप्पा गेले. तिसऱ्या मजल्यावरचा हॉल, भरभर इंग्रजी बोलणारा शिक्षक, आणि बाकीचे बहुतेक मुंबई-पुण्याचे. पहिल्याच दिवशी नागपूरकडच्या एका क्लार्कनं साधासा प्रश्न विचारला आणि हॉलभर हलकं हसू पसरलं. त्यानंतर चार दिवसांत गुरुसिद्धप्पांनी तोंड उघडलं नाही. रोज संध्याकाळी शिक्षक विचारी, कुणाला काही शंका? त्यांच्याकडं निदान वीस होत्या. ते मान हलवून ‘नाही’ म्हणत आणि फळ्यावरचा शब्दन्‌शब्द वहीत उतरवून घेत. वही देखणी झाली. अर्थ बराचसा फळ्यावरच राहिला.

तरी एक गोष्ट त्यांना नीट कळली होती आणि ती ते फार छान सांगत. पैसा समुद्र ओलांडत नाही, असं ते म्हणत. आपल्या बँकेचे पैसे लंडनच्या एका बँकेत आधीच ठेवलेले असतात. इथून जातो तो फक्त निरोप, की त्यातले एवढे अमक्याला द्या. निरोप पत्रानं गेला तर दहा-पंधरा दिवस लागतात. तारेनं गेला तर दोन दिवसांत काम होतं, आणि तार खरी आहे हे ओळखता यावं म्हणून तिच्यात दोन्ही बँकांनाच माहीत असलेला एक गुप्त आकडा घालतात. ऐकणारा थक्क होई. पुढं मात्र, म्हणजे लंडनच्या बँकेतून पैसे त्या माणसाच्या हातात नेमके कसे पडतात, हे गुरुसिद्धप्पा सांगत नसत. ते त्यांना ठाऊकच नव्हतं, आणि कुणी विचारतही नव्हतं. दोन वर्षांत कामं आली ती तीन-चार, तीही परदेशी मासिकाची वर्गणी, पुस्तकाची किंमत असली. त्यासाठी ड्राफ्ट निघे, तो पाकिटात घालून पोस्टात टाकला की झालं.

सत्त्याहत्तरच्या जानेवारीत, गड्ड्याच्या जत्रेचे पाळणे उभे राहायला लागले होते तेव्हा, विजयमालाबाई त्यांच्या टेबलाशी आल्या.

विजयमालाबाई वेळापूरच्या. आई लवकर गेली, वडील शेतात, त्यामुळं धाकटा भाऊ महिपती त्यांच्याच कडेवर वाढला. सोलापुरात नगरपालिकेच्या शाळेत नोकरी लागल्यावर त्यांनी त्याला आपल्याजवळ आणलं, शिकवलं, आणि त्यापायी स्वतःच्या लग्नाचा विषय दोनदा आला तो दोनदा मागं टाकला. आता त्या चौतिशीच्या होत्या. महिपती इंग्लंडच्या उत्तरेला एका गिरणीच्या गावात कापडाचं तंत्र शिकायला गेला होता. पहिल्या टर्मचा खर्च एका ट्रस्टनं दिला होता. दुसरीची फी घरून जायची होती. वीस जानेवारीच्या आत भरली नाही तर नाव कमी होणार होतं.

त्या सगळी तयारी करून आल्या होत्या. रिझर्व्ह बँकेचा परवाना मिळवायला चार महिने गेले होते. तो, कॉलेजचं पत्र आणि महिपतीचं शेवटचं पत्र, सगळं एका खाकी पाकिटात ओळीनं लावलेलं.

“अप्पा, वेळ थोडा हाय. तारेनंच पाठवा,” त्या म्हणाल्या.

गुरुसिद्धप्पांनी फॉर्म काढला, मध्ये कार्बन घातला आणि वरची माहिती भरली. फॉर्मच्या खालच्या भागात एक चौकट होती, पैसे त्या टोकाला कसे द्यायचे ते लिहायची. तिच्यात तीन ओळी. एक, खात्यात जमा करा. दुसरी, घेणाऱ्याला कळवून द्या. तिसरी, ‘पे ऑन ॲप्लिकेशन’. ह्यातल्या एकीवर खूण करायची होती.

विजयमालाबाईंनी पाकिटातून महिपतीचं पत्र काढलं. त्यानं तिथल्या एका लहानशा बँकेत खातं उघडलं होतं आणि नंबर कळवला होता. त्या म्हणाल्या, हा घालायचा का कुठं? गुरुसिद्धप्पांनी तो लांबलचक आकडा पाहिला. तो चुकला तर काय होतं हे त्यांना माहीत नव्हतं, आणि जे माहीत नाही त्याला हात न लावलेला बरा असं त्यांना वाटलं. नंबराची गरज नाही, नाव पुरतं, असं त्यांनी सांगितलं. मग त्यांची नजर तिसऱ्या ओळीवर गेली. ॲप्लिकेशन म्हणजे अर्ज. समोर हा अर्जच तर होता. अर्जाप्रमाणं पैसे द्या, असा अर्थ त्यांनी लावला.

लावला खरा, पण पेन एकदा थांबलं. मुंबईला ट्रंक कॉल लावून विचारता आलं असतं. पण फोन मॅनेजरच्या केबिनबाहेर, सगळ्यांच्या देखत. बाकावर चार माणसं खोळंबलेली, आणि बाई त्यांच्याकडं अशा विश्वासानं बघत होत्या की त्यांना विचारायची लाज वाटली.

“त्याला तिथं काही करावं लागंल का?” बाईंनी विचारलं.

“काही नाही. त्यानं घरी बसायचं. पैसे चालत येतील.”

त्यांनी तिसऱ्या ओळीवर खूण केली.

तार अकरा तारखेला मुंबईहून गेली. तेरा तारखेला लंडनची पोच आली आणि सतराला मुंबईचं तसं पत्र शाखेत पोचलं. पत्र घेऊन गुरुसिद्धप्पा मधल्या सुट्टीत स्वतः शाळेत गेले. बाईंना हायसं वाटलं. त्या आठवड्यात वेळापूरहून आलेल्या हुरड्याची पिशवी त्यांनी बाळीवेशीत पोचती केली आणि दाक्षायणीला म्हणाल्या, तुमच्या मालकांनी माझ्या भावाचं वर्ष वाचवलं. ते ऐकून दाक्षायणी दोन दिवस नवऱ्याकडं जरा निराळ्या नजरेनं बघत होती.

जानेवारी संपता संपता महिपतीचं निळं हवाई पत्र आलं. पैसे मिळाले नाहीत, तारीख टळली, कॉलेजनं आणखी दहा दिवस दिलेत, ताई, काय झालं ते कळव. बाई पत्र घेऊन धावत बँकेत आल्या.

ह्या क्षणी गुरुसिद्धप्पांनी नुसतं ‘बघतो’ म्हटलं असतं तरी चाललं असतं. त्यांना आपल्यावर संशय आला नाही असं नाही. पण हातात पोच होती, तिच्यावर तारीख होती, शिक्का होता. त्यांनी ती टेबलावर पसरली आणि तारखेखाली बोट धरलं.

“बाई, तेरा तारखेला पैसे तिथं हैत. आता मी काही बोलत नाही. पण कागद खोटं बोलत नाही.”

बाईंनी विचारलं, म्हणजे? मग ते बोलले. परमुलखात एकटं राहणाऱ्या पोरांचं काय होतं, पैसा हातात आला की कसा जातो, मग घरी काय लिहावं लागतं. कुणाचं नाव घेतलं नाही, कुणाची शपथ घेतली नाही. आवाज मायेचा होता. त्यांना स्वतःला तेव्हा असंच वाटलं की आपण एका बाईमाणसाला सावध करतोय. विजयमालाबाईंनी पत्राची घडी केली, ती परत उलगडली, पुन्हा केली आणि निघून गेल्या.

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात एका सकाळी टपालात मुंबईच्या शाखेचं पत्र आलं. चारच ओळी. अमुक तारखेची रक्कम लंडनच्या बँकेत पडून आहे. ती घेणारा माणूस अद्याप मागायला आलेला नाही. रक्कम ठेवायची की परत बोलवायची, ते कळवावं.

गुरुसिद्धप्पांनी ते दोनदा वाचलं. मग खालचा खण उघडून मुंबईच्या शिक्षणाची वही काढली. तिसऱ्या दिवसाच्या पानावर, त्यांच्याच सुरेख अक्षरात, खाली लाल रेघ मारून लिहिलेलं होतं. पे ऑन ॲप्लिकेशन: पैसे घेणारा स्वतः बँकेत येऊन मागेपर्यंत द्यायचे नाहीत. बँक त्याला कळवणार नाही. फिरतीवर असलेल्या, पत्ता नसलेल्या माणसांसाठी.

महिपती दोनशे मैलांवर घरी बसून पैशाची वाट बघत होता, कारण त्याला तसंच कळवलेलं होतं. आणि पैसे लंडनमध्ये त्याची वाट बघत होते. त्यांनी वही मिटली, पत्र वहीत घातलं, वही खणात घातली आणि खणाला कुलूप लावलं.

त्याच दिवशी दुपारी विजयमालाबाई आल्या. बसल्या नाहीत. उभ्या उभ्याच म्हणाल्या, “अप्पा, तुमचे आभार मानायचे राहिले होते. तुम्ही सांगितलं नसतं तर मी आंधळीच राहिले असते.”

त्यांनी भावाला लिहिलं होतं. काय लिहिलं तेही सांगितलं, खाली बघत. तू खोटारडा निघालास, पैशाचा हिशोब दे, तोवर तुला बहीण नाही. त्याचं उत्तर आलं होतं, दोन ओळींचं. ताई, पैसे मिळालेले नाहीत. यापुढं पाठवू नकोस. कॉलेजनं नाव काढून टाकलं होतं. तो एका इस्पितळाच्या धोबीखान्यात चादरी धुण्याच्या कामाला लागला होता, हे त्याच्या मित्राकडून कळलं, त्यानं स्वतः कळवलं नाही.

गुरुसिद्धप्पांच्या गुडघ्याला खणाचं कुलूप लागत होतं. आता सांगावं, असं त्यांना वाटलं. ओठापर्यंत आलंही. पण बाईंच्या तोंडावर त्यांच्याबद्दलचा जो आदर होता तो आपल्या हातानं पुसायचा, तोही भर बँकेत, हे त्यांच्यानं झालं नाही. “होतं असं,” एवढंच ते म्हणाले. हा शब्द पुढं कित्येक वर्षं त्यांच्या कानात राहिला. जेवताना मध्येच आठवला की घास फिरायचा.

निस्तरायचं कसं, ते त्यांना आता नीट कळलं होतं. नवी तार करायची, की पैसे महिपतीच्या खात्यात जमा करा. पण त्याला खात्याचा नंबर हवा, आणि नंबर बाईंकडं. त्यांनीच तो नको म्हटला होता. तीन दिवस त्यांनी काढले. चौथ्या दिवशी शाळेत गेले आणि बाईंना म्हणाले, आमच्या रेकॉर्डला तुमच्या भावाच्या खात्याचा नंबर लागतोय. बाईंनी कारण विचारलं नाही. कपाटातून पत्र काढून आकडा खडूनं फळ्याच्या कोपऱ्यात लिहिला, त्यांनी तो उतरवून घेतला, बाईंनी पुसला. वर्ग रिकामा होता. तिथंही त्यांना सांगता आलं असतं.

दुसऱ्या तारेचा खर्च त्यांनी स्वतःच्या खिशातून भरला. मार्चच्या पहिल्या आठवड्यात पैसे महिपतीच्या खात्यात पडले. गुरुसिद्धप्पांना वाटलं, आता बहीण-भावाचं आपोआप सुरळीत होईल. पैसे मिळाले असं तो लिहील, बाई शांत होतील, उशीर का झाला हे कुणी खोदून बघणार नाही. रात्रीची झोपही परत आली, चार-सहा दिवस.

एप्रिल लागला आणि त्यांच्याच टेबलावर लंडनचा एक निरोप आला, उलट्या दिशेचा. महिपतीनं सगळी रक्कम बहिणीच्या नावे परत पाठवली होती. खाली निरोपाच्या जागी तीन शब्द होते. रक्कम परत, महिपती.

नियमाप्रमाणं बाईंना बोलावणं गेलं. त्या आल्या, कागद वाचला. मग म्हणाल्या, “म्हंजे होते त्याच्याकडं. माझं पत्र लागलं मनाला, म्हणून पाठवले.” आणि पहिल्यांदाच त्यांचे डोळे भरले. जुन्या रागाच्या तळाशी जी थोडी शंका शिल्लक होती, की कदाचित पोरगं खरं बोलत असेल, तीही आता गेली होती.

गुरुसिद्धप्पांच्या समोर सही करायचा कागद होता. त्यांनी तो बाईंकडं सरकवला, बाईंनी सही केली आणि त्या गेल्या.

घरी गेल्यावर त्यांना जेवण गेलं नाही. दाक्षायणीनं काय झालं विचारलं तेव्हा त्यांनी कानडीत सगळं सांगून टाकलं, फॉर्मवरच्या खुणेपासून. शेवटी तिनं एवढंच विचारलं की हुरडा आणून दिला तीच का बाई. मग उठली, ताट झाकून ठेवलं आणि म्हणाली की उद्या रविवार आहे, बाई घरी असतील. तिच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर त्यांना सोसवलं असतं.

मुरारजी पेठेत विजयमालाबाईंची एक खोली होती. भिंतीला कपाट, एक टेबल, तपासायच्या वह्यांचा गठ्ठा. गुरुसिद्धप्पा चपला काढून उंबऱ्याच्या आत आले आणि बसा म्हटलं तरी बसले नाहीत. फॉर्मची कार्बन प्रत, मुंबईचं फेब्रुवारीतलं पत्र आणि वही, तिन्ही त्यांनी टेबलावर ठेवली.

“तुमचा भाऊ खरं बोलत होता. चूक माझी हाय. आणि ती मला दीड महिन्यापासून माहीत हाय.”

पुढचं त्यांनी न थांबता सांगितलं. थांबले असते तर पुन्हा सुरू करता आलं नसतं. तिसऱ्या ओळीचा अर्थ काय, आपण काय समजलो, पैसे कुठं पडून होते, नंबर कशासाठी मागितला, पैसे महिपतीला कधी मिळाले.

बाईंनी फॉर्मची प्रत उचलली आणि खिडकीशी नेली. वर्गात वाचावं तसं सावकाश वाचलं, “पे ऑन ॲप्लिकेशन.” मग म्हणाल्या, “मी तुम्हाला विचारलं होतं. त्याला काही करावं लागंल का म्हणून.”

“व्हय.”

“नंबर पण दिला होता.”

“व्हय.”

“माहीत नव्हतं तर तसं का नाही म्हणालात?”

मुंबईचा तो हॉल, ते हलकं हसू, बाकावरची माणसं, हे सगळं त्यांच्या मनात येऊन गेलं, आणि ह्यातलं काहीही बाईंसमोर ठेवायच्या लायकीचं नाही हेही त्यांना कळलं. ते खाली बघत राहिले.

“फॉर्मचं मी समजू शकते,” बाई म्हणाल्या. “माझ्या वर्गात पोरं रोज चुकतात. पण मी तुमचे आभार मानायला आले होते, तेव्हा तुम्हाला माहीत होतं.”

बाईंनी वह्यांचा गठ्ठा बाजूला केला, एक कोरं हवाई पत्र टेबलावर ठेवलं आणि खुर्ची मागं ओढली. “बसा. त्याला लिहा. मराठीत, माझ्यासमोर. सगळं लिहा, मला जे सावध केलं होतं तेसुद्धा.”

तासभर ते लिहीत होते. इतकं छोटं पत्र लिहायला त्यांना आयुष्यात एवढा वेळ लागला नव्हता. ‘मी तुमच्या भगिनींना आपल्याविषयी संशय येईल असे बोललो’ हे वाक्य दोनदा अर्ध्यावर अडलं. बाई खिडकीशी पाठ करून उभ्या होत्या. लिहून झाल्यावर त्यांनी ते वाचलं, एक अक्षरही बदललं नाही, चिकटवलं आणि पत्ता स्वतः लिहिला. पोस्टात टाकायलाही त्या स्वतःच गेल्या. ते बरोबर निघाले तर म्हणाल्या, तुम्ही जावा आता.

सोमवारी त्यांनी मॅनेजरला सांगितलं. त्यांना शिक्षा हवी होती, निदान एक मेमो. मॅनेजर मुंबईकडचे, बदलीच्या वाटेवर होते. त्यांनी शांतपणं विचारलं, रक्कम परत आली का? आली. बाईंची लेखी तक्रार आहे का? नाही. मग विषय संपला. गुरुसिद्धप्पांनी आपण होऊन आपल्या चुकीचा कबुलीजबाब लिहून दिला तो त्यांनी परत केला आणि वर सुनावलं की असले कागद फाइलला लागले की सगळ्या शाखेला त्रास. बँकेत कुणाला काही कळलं नाही. ‘फॉरेनवाले अप्पा’ हे नाव तसंच राहिलं, आणि आता ते कुणी घेतलं की त्यांची मान खाली जाई. टेबल बदलून द्या अशीही विनंती त्यांनी केली. दुसरं कुणी शिकलेलं नव्हतं, म्हणून तीही नामंजूर झाली.

मेच्या अखेरीस महिपतीचं पत्र बहिणीला आलं. त्यात काय होतं ते गुरुसिद्धप्पांना कधी कळलं नाही. जूनमध्ये शाळा उघडल्यावर बाई बँकेत आल्या तेव्हा त्यांच्या हातात पुन्हा तसलंच खाकी पाकीट होतं. महिपती सप्टेंबरपासून पुन्हा कॉलेजात जाणार होता. काही फी त्यानं धोबीखान्यात कमावली होती, उरलेली ताईकडून घ्यायला तयार झाला होता. सोलापुरात हे काम करणारं दुसरं टेबल बाईंना माहीत नव्हतं. “साहेब, एवढं पाठवायचं आहे,” त्या म्हणाल्या. अप्पा म्हणाल्या नाहीत.

परवाना यायला ऑगस्ट उजाडला. त्या दिवशी गुरुसिद्धप्पांनी फॉर्मची प्रत्येक ओळ मोठ्यानं वाचली आणि मराठीत अर्थ सांगितला. एका ठिकाणी अडले. मधल्या बँकेचं नाव कुठं घालायचं, म्हणजे लंडनची बँक ते पैसे त्या लहान बँकेला कोणत्या वाटेनं देणार, हे त्यांना स्पष्ट नव्हतं.

“हे मला येत नाही,” ते म्हणाले. “विचारतो.”

ते उठून केबिनबाहेरच्या फोनशी गेले आणि मुंबईला ट्रंक कॉल लावला. लाइन खराब होती, ओरडून बोलावं लागत होतं. त्यांचं मोडकं इंग्रजी सगळ्या बँकेनं ऐकलं. पलीकडचा अधिकारी वैतागला. इतकी वर्षं काम करताय आणि हे माहीत नाही, असं काहीतरी म्हणाला असावा, कारण गुरुसिद्धप्पांचे कान लाल झाले. कॅशियर मान वर करून बघत होता. त्यांनी प्रश्न पुन्हा विचारला, मग तिसऱ्यांदा विचारला, उत्तर लिहून घेतलं आणि वाचून दाखवून पक्कं केलं. परत येऊन त्यांनी नंबराचा एकेक आकडा बाईंच्या पत्राशी ताडून भरला.

पाचव्या दिवशी महिपतीची तार आली, पैसे जमा झाले म्हणून. बाईंनी ती टेबलावर ठेवली, त्यांना वाचू दिली आणि परत घेतली.

एकोणऐंशीच्या दिवाळीत, गर्दीमुळं गुरुसिद्धप्पा काउंटरवर बसलेले असताना, एक उंच, किरकोळ तरुण आला. ड्राफ्ट वटवायचा होता. ड्राफ्टवरचं नाव वाचून गुरुसिद्धप्पा उभे राहिले.

“बसा की,” महिपती म्हणाला. त्याचा आवाज साधा होता. इचलकरंजीला नोकरी लागली होती, एका वर्षाच्या उशिरानं. गुरुसिद्धप्पांनी ड्राफ्ट नोंदवला, टोकन दिलं, आणि शेवटी न राहवून म्हणाले की मी फार वाईट वागलो, तुम्हाला तोंडावर सांगायचं राहिलं होतं.

महिपतीनं टोकन बोटांत फिरवलं.

“मी पण ताईला एक पत्र लिहिलं होतं. आठ पानी. लहानपणापासूनचं जे जे बोलू नये ते सगळं त्यात होतं. टाकायला निघालो आणि खाली टपालात तुमचं पत्र दिसलं.”

“मग?”

“मग टाकलं नाही. जाळलं. पण लिहिलं तर होतं. तिला माहीत नाही. मला माहीत आहे.”

टोकनाचा नंबर पुकारला गेला आणि तो कॅशियरच्या खिडकीकडं गेला. गुरुसिद्धप्पा त्याच्याकडं बघत राहिले. ह्या घरात आपण आणखी काय काय करून ठेवलं असतं, आणि एका टपालाच्या फरकानं काय राहून गेलं, हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा पुरतं कळलं. पुढच्या माणसानं खिडकीतून पासबुक आत सरकवलं. ते उचलायला त्यांना वेळ लागला, आणि उशीर झाल्याबद्दल त्यांनी त्या माणसाची माफी मागितली.